झाकलेलं ताट

आप्पा, परवा तुमचा दहावा झाला आणि तुमच्या पिंडाला कावळा शिवला नाही. दीड तास आम्ही सगळे घाटावर उन्हात उभे होतो. पलीकडच्या बाभळीवर सात-आठ कावळे बसले होते. त्यातला एक पायरीपर्यंत उतरला, मान वाकडी करून पत्रावळीकडं बघितलं आणि उडून गेला. जन्मभर भरल्या ताटावरून उठत आलात, मेल्यावर तरी ही सवय सोडायची होती.

आधी लोकांनी पत्रावळीत चुका शोधल्या. कुणी म्हणालं तंबाखू ठेवली पण चुना राहिला. कुणी म्हणालं चहा निवला, आप्पांना वाफाळता लागायचा. दादानं हात जोडून तुम्हाला मोठ्यानं सांगितलं, "आप्पा, म्हस इकत न्हाई, घोर लावून घिऊ नगा." वहिनीनं पोराचं शिक्षण पुरं करायचं कबूल केलं. कावळे जागचे हलले नाहीत. मग हळूहळू सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. तुमचे धाकटे भाऊ, आमचे तात्या, पुढं आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बायडे, तुझ्यापाशीच आडलंय त्येंचं. पाया पड आन् चुकलं म्हण."

चुकलं. सगळ्या भाषेतून तात्यांना नेमका हाच शब्द सापडावा!

तुम्हाला आठवतं का, हा शब्द मी पहिल्यांदा कधी म्हटला? मला नाही आठवत, एवढी मी लहान होते. तुम्ही फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनीवर आलात तेव्हा मी पहिलीत होते, आणि त्याच वर्षी आमच्या घरात ताटावरून उठणं सुरू झालं. आमटीत मीठ कमी, भाकरी करपली, कुणी जेवताना उलट बोललं, शेजारच्या रेडिओचा आवाज मोठा. कारण काहीही चालायचं. तुम्ही ओरडायचा नाही, हात उगारायचा नाही. घास ताटात ठेवायचा, ताटातच हात धुवायचे, उठायचं आणि गोठ्यापुढं शेवग्याखालच्या दगडी कट्ट्यावर पाठमोरं जाऊन बसायचं. लोक म्हणायचे, हवालदार लय शांत माणूस. शांतच होता तुम्ही. घर उपाशी ठेवायला आवाज लागत नाही.

कारण तुम्ही जेवल्याशिवाय आई जेवायची नाही. आई जेवली नाही की आजी जेवायची नाही. दादा तेवढा पुरुषमाणूस म्हणून गपचूप खाऊन घ्यायचा. मग आई मला ढकलायची. "जा, तुजंच ऐकत्यात. चुकलं म्हण आन् घिऊन ये." मी कट्ट्यापाशी जायचे, तुमच्या पाठीला म्हणायचे, "चुकलं आप्पा, जेवायला चला." एकदा म्हणून भागायचं नाही. तीनदा, चारदा. मग तुम्ही "हूं" करायचा आणि माझं बोट धरून आत यायचा. मी मोठा पराक्रम केल्यासारखी आईकडं बघायचे. तुम्हाला ताजं ताट वाढलं जायचं आणि आई तुमच्या उष्ट्या, हात धुतलेल्या ताटाकडं बघत ते उचलायची.

या 'चुकलं'ला कर्ता लागत नाही, हे मला फार उशिरा कळलं. कुणाचं चुकलं, काय चुकलं, ते सांगायची गरजच नसते. मीठ आईनं घातलेलं, रेडिओ शेजाऱ्याचा, राग तुमचा आणि चुकलं मात्र मी म्हणायचं. किती वेळा म्हटलं असेन! आणि तुमच्या तोंडून हा शब्द मी एकदाही ऐकला नाही. एकदाही नाही, आप्पा.

तुम्ही वाईटच होता, असं मला म्हणता आलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती. पण तुम्ही तेवढी सोय ठेवली नाहीत. बारावीनंतर माझं लग्न उरकायला सगळी भावकी टपली होती. तुम्ही एकटे म्हणालात, "पोरगी सांगलीला शिकंल." नोकरीच्या परीक्षेला मला तुम्ही लुनावरून घेऊन गेलात. तीन तास मी आत आणि तुम्ही फाटकाबाहेर उन्हात उभे. बाहेर आल्यावर मी विचारलं, समोर टपरी होती, बाकडं होतं, बसला का नाहीत? तर म्हणालात, "तू आत पेपराशी झगडतीयास, मी काय बसू?" मग आपण कृष्णेच्या काठी डबा उघडला. आईनं दिलेलं कालवण सगळं पिशवीत सांडलं होतं. मला वाटलं, आता हे उठणार. तुम्ही फडकं पिळलं, हसलात आणि कोरडी भाकरी मिठाच्या खड्याबरोबर खाल्लीत. वर म्हणालात, लडाखात हे मिळालं तर सण असायचा.

तो दिवस मी बरेच दिवस जपून ठेवला होता. नंतर मात्र त्याचाच राग यायला लागला. म्हणजे तुम्हाला जमत होतं. घरात आईपुढं जे जमत नव्हतं, ते नदीकाठी जमलं.

नोकरी लागली ती दवाखान्यात, केसपेपरच्या खिडकीवर. वीस वर्षं झाली. खिडकीच्या पलीकडून दिवसभर माणसं भांडतात. कुणाचा नंबर गेलेला असतो, कुणाचं माणूस गेलेलं असतं. मला सगळी सारखीच वाटतात. तुम्हाला सांगितलं होतं का कधी, एकदा आम्हा खिडकीवाल्यांचं शिबिर झालं होतं? अवघड माणसांशी कसं वागावं, असा विषय होता. पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या. त्यांनी प्रत्येकाला चिठ्ठी दिली आणि सांगितलं, तुमच्या आयुष्यातल्या सगळ्यात अवघड माणसाचं नाव लिहा. बाकीच्या बायका हसत हसत सासूचं, साहेबाचं नाव लिहीत होत्या. मी 'आप्पा' लिहिलं आणि चिठ्ठीची एवढी बारीक घडी घातली की पुढं ती उलगडेना.

मॅडमनी सांगितलं, समोरचा चिडला की त्याचंच म्हणणं शांतपणे त्याला परत सांगायचं, म्हणजे आपलं कुणी ऐकतंय असं त्याला वाटतं. मी ते लगेच तुमच्यावर करून बघितलं. दिवाळीला गावी आले होते. तुम्ही म्हणालात, कालवण पाणचट झालंय. मी म्हटलं, "म्हणजे आप्पा, तुमचं म्हणणं असं की कालवण दाट हवं होतं." तुम्ही घास हातात धरून माझ्याकडं बघितलं. "मी काय कानडीत बोललो व्हय? तर्जुमा कशाला करतीस?" आई पदर तोंडाला लावून हसली. आईला हसताना बघून तुम्हीही हसलात. त्या दिवशी उठला नाहीत. मॅडमचा उपाय लागू पडला म्हणायचं, फक्त त्यांनी सांगितला तसा नव्हे.

पण मॅडमचं दुसरं एक वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. त्या म्हणाल्या होत्या, माणूस बदलता येत नाही, आपण त्याच्यासमोर काय करायचं तेवढं बदलता येतं. मी घरी येईपर्यंत रडत होते. मला वाटलं होतं काहीतरी औषध देतील.

आई गेली आणि तुम्ही सांगलीला माझ्याकडं राहायला आलात. लेकीच्या घरी राहायचं तुमच्या जिवावर आलं होतं, हे मला दिसत होतं. पिशवी तुम्ही कधी पुरती रिकामी केलीच नाहीत. कपडे त्यातूनच काढायचा, धुऊन वाळले की त्यातच ठेवायचा. जावयांसमोर पंखा लावायलाही अवघडायचा. दोन महिने नीट गेले. मला वाटायला लागलं, आईबरोबर ते दुखणंही गेलं.

मग तो रविवार. मटण केलं होतं. आठवडाभर खिडकीवर जादा पाळ्या करून माझी कंबर धरली होती आणि ज्वारीचं पीठ संपलेलं. मी भाकरीऐवजी चपात्या लाटल्या. तुम्ही ताटाकडं बघितलं. "चपात्या? आमी काय पावनं हाय का?" म्हणालात, ताटाला हात न लावता उठलात आणि गॅलरीत जाऊन पाठ करून उभे राहिलात.

तुमचे जावई घास हातात धरून थिजले. एवढ्यात माझी मनू उठली. नऊ वर्षांची पोर. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. गावाकडं सुट्टीत काय बघितलं असेल तेवढंच. ती गॅलरीच्या दाराकडं निघाली आणि जाता जाता मला हळूच म्हणाली, "आई, मी चुकलं म्हणते. आजोबा माझं ऐकतात."

आप्पा, तिला तशी जाताना बघून माझं डोकं भणाणलं. तुमच्यापेक्षा मला आईचा राग आला, आजीचा आला, सगळ्यात जास्त माझा आला. मी मनूचा दंड धरला. म्हटलं, "खाली बस. तुझं काही चुकलेलं नाही. जेव." तुमच्या ताटावर दुसरं ताट झाकलं आणि गॅलरीत ऐकू जाईल असं म्हणाले, "आप्पा, ताट झाकून ठेवलंय. जेवायचं तेव्हा जेवा. आम्ही जेवून घेतोय."

आणि आम्ही जेवलो. आमच्या घराण्यात तुम्ही उठलेले असताना बायकांनी जेवण्याची ती पहिलीच वेळ असेल. मी दोनदा रस्सा घेतला. खोटं कशाला सांगू, चव चांगली लागली.

दीड तासानं तुम्ही आत आलात. कुणाकडं बघितलं नाहीत. खाली बसलात, झाकण काढलंत. रश्शावर चरबी थिजली होती, चपात्या कडक झाल्या होत्या. मी ओट्याशी उभी राहून बघत होते. गरम करून देते, असं म्हणायला तोंड उघडलं होतं, पण म्हटलं नाही. वाटलं, आता मी नरमले तर पुन्हा चाळीस वर्षं. तुम्ही सगळं ताट संपवलंत. शेवटचा तुकडा ताटाला पुसून खाल्लात, ताट स्वतः घासून पालथं घातलंत. मला जिंकल्यासारखं वाटलं, आप्पा. तुमच्या मानेच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या आणि मला जिंकल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी उचलून तुम्ही गावाकडची पलूसची गाडी धरलीत. रिकामी न केलेली पिशवी, भरायला वेळ लागला नाही. आणि गावात सांगितलंत, लेकीनं झाकलेलं खायला घातलं. एवढंच. त्याआधी काय झालं, त्याआधीची चाळीस वर्षं काय झालं, ते तुम्ही गाळलंत. 'झाकलेलं ताट' हे आमच्या भावकीत माझं टोपणनाव झालं.

मग दोन वर्षं अबोला. मी सणाला आले की तुम्हाला नेमकं रानात काम निघायचं. दर रविवारी मी वहिनीला फोन करायचे आणि मागून तुमचा आवाज यायचा, "सांग तिला, जेवलो म्हणावं." दर रविवारी तेच. तब्येत नाही, मनू कशी आहे नाही, नुसतं जेवलो म्हणावं. माझ्या जिव्हारी लागायचं. फोन ठेवल्यावर मी यांना म्हणायचे, बघा, अजून टोचतात. तुझ्यावाचून आमचं अडत नाही, असं सांगतात. फोन करायचा नाही असं ठरवायचे आणि पुढच्या रविवारी करायचे. त्यानंतर आला तो दादाचा फोन, आणि मी पोचले तेव्हा तुम्हाला अंगणात आणून ठेवलं होतं.

तर परवा घाटावर तात्यांनी मला चुकलं म्हणायला सांगितलं. मी पुढं गेले. मी हात जोडले, बाभळीकडं बघितलं आणि म्हणाले, "आप्पा, जेवायला चला."

तेवढंच. पहिला शब्द मी गिळला. शंभर माणसं तो ऐकायला थांबली होती, कावळेही थांबले असतील. मी नाही म्हटला. आणि तुम्ही नाही आलात. शेवटी भटजींनी घड्याळ बघितलं, पिशवीतून दर्भाचा कावळा काढला आणि पिंडाला टेकवला. जमलेली माणसं पांगली. वाटेत दोघी-तिघी बायका माझ्यापासून चार पावलं लांबून चालत होत्या.

घरी पंगत बसली. आमटी, भात, वांग्याचं कालवण. मी दोन घास खाल्ले असतील. समोरच्या रांगेतून तात्या म्हणाले, "बापाला झाकलेलं घातलं, मग कावळा कसा शिवंल? शेवटाला तरी लेकीनं मन मोडायचं न्हाई."

मी घास ताटात ठेवला आणि उठले.

कसं झालं ते मला कळलं नाही. काही ठरवलं नव्हतं. पाय आपोआप गोठ्यापुढं गेले. तुमच्या कट्ट्यावर जाऊन बसले तेव्हा लक्षात आलं की मी घराकडं पाठ करून बसलेय. दगड मधोमध गुळगुळीत झालाय, तुम्हाला ठाऊकच असेल. म्हस रवंथ करत होती. आतून भांड्यांचे आवाज येत होते. मी उठले म्हणून तिथलं काही थांबलं नव्हतं.

मी वाट बघायला लागले, आप्पा. कुणीतरी यावं आणि म्हणावं. कुणीही चाललं असतं. सुरुवातीला तात्यांनी यावं असं वाटत होतं, मग वाटलं दादा येऊ दे, मग वाटलं निदान मनू. मनू आली. दारात उभी राहिली, अकरा वर्षांची माझी पोर. मी मान वळवून बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं, थोडी थांबली आणि आत जाऊन जेवायला बसली. मीच शिकवलं होतं तिला. आणि तरी मला तिचा असा राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

उठायला एक क्षण लागतो. परत जायचं कसं, हे त्या कट्ट्यावर बसलेल्या माणसाला ठाऊक नसतं. कुणी बोट धरून नेलं नाही तर तो तिथंच बसून राहील, एवढं मला कळलं. मला तुमची कीव आली. पण म्हणून आईची उपाशी दुपार भरून निघत नाही, हेही तुम्हाला सांगून ठेवते.

पंगत उठली, माणसं गेली. मी आत आले. माझ्या जागेवर माझं ताट होतं, वर दुसरं ताट झाकलेलं. वहिनी शेजारी बसली होती.

"आणा वन्सं, भात गरम करून देते."

"नको."

मी झाकण काढलं. भात टणक झाला होता, आमटीवर साय धरली होती. वहिनी पदराशी चाळा करत म्हणाली, "येक सांगू का? सांगलीहनं आल्यापास्नं आप्पा येकदाबी ताटावरनं उठलं न्हाईत."

मी घास तसाच धरला.

"दोन वर्सांत येकदाबी न्हाई. येका रविवारी तर आमटीत मीठच घालाया इसरले मी. त्येंचा हात थांबला. आता उठत्यात म्हणून मी भितीला टेकले. लय येळ ताटाकडं बगत बसलं. मग जेवलं की वं, समदं. हात धुतला तवर तुमचा फोन आला. तर म्हणालं, सांग तिला, जेवलो म्हणावं. पोटाला घास मिळतोय का न्हाई ते तुमास्नी कळावं म्हणून सांगत्यात, आसंच मला वाटायचं."

दोन वर्षं, आप्पा. दर रविवारी. तुम्ही सांगत होता आणि मी मोजून मोजून मनाला लावून घेत होते. पण तुम्हालाही काय धाड भरली होती? फोन हातात घेऊन एकदा तरी नीट बोलायचं! तुमच्या सुनेला मीठ नसलेली आमटी माफ झाली, माझ्या आईला कधी झाली नाही, आणि हे ज्या ताटावर तुम्ही शिकलात ते माझं होतं. गावभर मात्र माझी बदनामी करून गेलात. याची माफी मी देणार नाही. निदान आज तरी नाही.

मी घास तोंडात घातला. निवलेला भात घशाखाली उतरत नाही. बाहेरून आत यायला, सगळ्यांच्या देखत झाकण काढायला आणि हा गोळा गिळायला काय लागतं, ते मला परवा कळलं. पाणी पिऊन पिऊन मी भात संपवला, आमटी संपवली, वांग्याचं देठसुद्धा चोखलं. तुम्ही त्या दिवशी सगळं ताट पुसून खाल्लं होतं आणि मी ओट्याशी उभी राहून तुम्हाला पाणीही दिलं नव्हतं. तेवढं माझं चुकलं. पाण्याचं. बाकीचं नाही.

ताट घासून मी पालथं घातलं. वहिनी म्हणाली, मागच्या दारी दोन कावळे आलेत, आप्पांच्या नावाचा घास ठेवू का? मी म्हटलं, ठेवा. आणि सांगा त्यांना, जेवली म्हणावं.